मथळा आणि छायाचित्र ओळ : नववीच्या वर्गातील प्रकल्प नोंदी

22 नोव्हेंबर 2024

दिवाळीची सुट्टी आणि तिच्या मागोमाग आलेले निवडणुकीचे काम संपल्यावर आज नववीच्या वर्गात वृत्तलेखनाचा प्रकल्प सुरू केला. देवगड तालुक्यातील आमच्या शाळेत उपयोजित लेखनाचा भाग म्हणून बातमीलेखन शिकवले जातेच; मात्र परीक्षेच्या सवयीमुळे मुलांचे सगळे लक्ष मजकुराकडे असते आणि मथळा शेवटच्या दोन मिनिटांत सुचेल तसा वर लिहिला जातो. छायाचित्राखालच्या ओळीचा तर अभ्यासक्रमात विचारच होत नाही. घरोघरी पाहावे तर बहुतेक वाचक मथळा आणि ती ओळ एवढेच वाचून पान उलटतात. त्यामुळे या प्रकल्पात बातमीचा मजकूर दुय्यम ठेवून फक्त या दोन गोष्टींवर काम करायचे ठरवले आहे. शेवटी चार पानांचा एक अंक काढायचा असून त्याची तारीख 6 जानेवारी ही असेल. 1832 साली याच तारखेला ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला आणि तो काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्ले हे गाव आमच्याच तालुक्यात आहे, हे मुलांना ठाऊक होते, पण त्या पत्रात एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे, हे त्यांना नवीन होते.

पहिला सराव परवाच्या मतदानाचा होता. बऱ्याच मुलांच्या घरच्या फोनमध्ये शाई लावलेल्या बोटाचे छायाचित्र होते. त्याखाली एक ओळ लिहा, असे सांगितल्यावर जवळजवळ सगळ्या वहीत ‘मतदानाचा हक्क बजावताना’ हे शब्द आले. हे शब्द चुकीचे नाहीत, परंतु छायाचित्रातले बोट तेच सांगत आहे. बोट कोणाचे, कोणत्या केंद्रावरचे, ती व्यक्ती पहिल्यांदा मतदान करत होती की ऐंशीव्या वर्षी डोलीतून आली होती, हे छायाचित्र सांगू शकत नाही आणि ओळीनेही सांगितले नाही. दिसते ते पुन्हा लिहू नये, दिसत नाही ते विचारून लिहावे, एवढी सूचना आज फळ्यावर लिहिली.

25 नोव्हेंबर 2024

शनिवारी विधानसभेचा निकाल लागला आणि मुलांनी रविवारचे मराठी दैनिकांचे अंक गोळा करून आणले. 288 जागांचा निकाल सर्वांना सारखाच उपलब्ध होता, तरी पहिल्या पानावरचे मथळे एकमेकांपासून बरेच वेगळे होते, ही गोष्ट मुलांनी स्वतः हेरली. मथळे कापून त्यांचे गट करायला सांगितले : ज्यात आकडा आहे ते एका बाजूला, ज्यात कोणाचे तरी म्हणणे अवतरणात आहे ते दुसऱ्या बाजूला, आणि ज्यात वृत्तपत्राने स्वतःचे मत घातले आहे ते तिसऱ्या बाजूला. तिसऱ्या गटावर मुलांमध्ये वाद झाला, कारण ‘मुसंडी’ आणि ‘धुव्वा’ हे शब्द मत आहेत की वर्णन, यावर एकमत होईना. तो वाद मी मिटवला नाही. जागांमधील फरक मोठा असेल तर ‘धुव्वा’ हे वर्णन ठरू शकते, पण मग तो फरक मथळ्यात किंवा लगतच्या ओळीत दिसला पाहिजे, इथपर्यंत मुले स्वतःच आली.

याच ओघात 3 नोव्हेंबर 1948च्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ची गोष्ट सांगितली. छापखान्यातील जुळाऱ्यांच्या संपामुळे अंक नेहमीपेक्षा लवकर छपाईला पाठवावा लागत होता, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीची मतमोजणी पूर्ण झालेली नव्हती, आणि डुई यांनी ट्रूमन यांचा पराभव केला असा मथळा पहिल्या पानावर छापून गेला. प्रत्यक्षात ट्रूमन जिंकले आणि सेंट लुईस येथे रेल्वेच्या डब्यातून तोच अंक उंचावून हसतानाचे त्यांचे छायाचित्र जगभर गेले. वर्गाला ते छायाचित्र दाखवले आणि त्याखाली काय लिहाल, असे विचारले. पार्श्वभूमी ठाऊक नसलेल्या माणसाला या छायाचित्रात एक गृहस्थ स्वतःच्या पराभवाची बातमी आनंदाने दाखवत असल्याचे दिसेल, असे एका विद्यार्थ्याने सांगितले. छायाचित्र खरे असून त्यातला छापील मथळा खोटा आहे, हे केवळ खालची ओळच सांगू शकते. इतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

29 नोव्हेंबर 2024

आजपासून वर्गात एक पक्का नियम लागू केला. मथळा लिहून झाला की त्यातील प्रत्येक शब्दाखाली रेघ मारायची आणि त्या शब्दाचा आधार बातमीत जिथे असेल तिथे तशीच रेघ मारायची. ज्या शब्दाला आधार सापडणार नाही तो शब्द मथळ्यातून काढायचा.

सरावासाठी दिलेली बातमी साधी होती. एका वाडीचा पाण्याचा पंप बिघडला आहे, दुरुस्ती होईपर्यंत नळाला दिवसाआड पाणी येणार आहे आणि पंपाचा सुटा भाग कोल्हापूरहून मागवला आहे. यावर आलेल्या मथळ्यांपैकी सर्वाधिक पसंती ‘पाण्यासाठी वणवण, ग्रामस्थ संतप्त’ याला मिळाली. रेघा मारायला घेतल्यावर ‘पाणी’ या शब्दाला आधार मिळाला. ‘वणवण’ला मिळाला नाही, कारण कोणीही कुठे पाणी शोधत फिरल्याचा उल्लेख बातमीत नव्हता. ‘संतप्त’लाही मिळाला नाही, कारण बातमीदाराने एकाही ग्रामस्थाशी बोलल्याचे लिहिलेले नव्हते. वर्ग काही वेळ नाराज होता. त्यांना आवडलेले दोन्ही शब्द गेले होते. अखेरीस ‘पंप बिघडला, वाडीला दिवसाआड पाणी’ हा मथळा फळ्यावर राहिला. त्यात कारण आहे, परिणाम आहे आणि वाडीतल्या माणसाला आज हंडा भरून ठेवायचा की नाही हे कळते.

मराठी मथळ्यांत ‘हवालदिल’, ‘वाऱ्यावर’, ‘बोजवारा’, ‘चव्हाट्यावर’, ‘खळबळ’ असे शब्द इतके रुळले आहेत की मुलांना ते बातमीच्या भाषेचे व्याकरणच वाटतात. या शब्दांवर सरसकट बंदी घालावी, असे मला वाटत नाही. एखाद्या गावात खरोखर खळबळ उडाली असेल, तर ती कशावरून समजली हे बातमीत यावे आणि मग तो शब्द खुशाल वापरावा.

4 डिसेंबर 2024

आकाश ढगाळ आहे आणि तालुक्यात सगळीकडे मोहोराचीच चर्चा आहे. हापूसच्या बागा असलेल्या घरांतील मुले वर्गात बरीच असल्यामुळे आजची बातमी त्यांनाच लिहायला सांगितली. एका विद्यार्थ्याने आपल्या काकांना प्रश्न विचारून चांगला मजकूर आणला : ढगाळ हवेत तुडतुडे वाढण्याची भीती असते, त्यामुळे या आठवड्यात त्यांनी ठरल्यापेक्षा आधी फवारणी केली आणि औषधाचा खर्च वाढला. मथळा मात्र त्याने ‘आंबा बागायतदार संकटात’ असा दिला.

रेघांच्या नियमात हा मथळा वरवर पाहता बसत होता, म्हणून त्यावर थांबावे लागले. मजकुरात एकच बागायतदार आहे आणि मथळ्यात सगळे. एकाचे म्हणणे अनेकांच्या नावावर टाकणे ही मथळ्यातली फार सहज होणारी चूक आहे, आणि मराठीत ती लपतेही चटकन, कारण आदरार्थी बहुवचनामुळे ‘बागायतदारांची चिंता’ हे शब्द एका व्यक्तीविषयी आहेत की शंभर जणांविषयी आहेत, हे मथळ्यावरून कळत नाही. ‘शिक्षकांचा सत्कार’ असा मथळा असेल तर सत्कार एकाच गुरुजींचा झाला की अख्ख्या शिक्षकवृंदाचा, हेही तसेच अधांतरी राहते. उपाय दोन निघाले : आणखी बागायतदारांशी बोलणे, किंवा मथळा जेवढे माहीत आहे तेवढ्यावर आणणे. त्या विद्यार्थ्याने पहिला मार्ग निवडला आणि उद्या संध्याकाळी शेजारच्या बागांत जाऊन येतो, असे सांगितले.

तासाच्या शेवटी एका विद्यार्थिनीने अगदी रास्त प्रश्न विचारला. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा 1897 सालचा ‘केसरी’तला मथळा पाठ्यपुस्तकाबाहेरही सर्वांना ठाऊक आहे, त्यात तर टोकाचे मत आहे, मग तो थोर कसा मानला जातो? तो अग्रलेखाचा मथळा होता, हे तिला समजावून सांगितले. पुण्यातील दडपशाहीविरुद्ध पत्राने स्वतःची भूमिका स्वतःच्या जबाबदारीवर मांडली होती आणि वाचकालाही आपण मत वाचत आहोत हे पहिल्या शब्दापासून कळत होते. बातमीच्या मथळ्यात तेच मत शिरले तर वाचकाला ते माहिती समजून स्वीकारावे लागते. आमच्या अंकातही एक अग्रलेख असावा आणि त्याचा मथळा याच विद्यार्थिनीने लिहावा, असे वर्गाने ठरवले.

9 डिसेंबर 2024

शाळा सुटल्यावर काही मुलांना घेऊन देवगड बंदराच्या जेटीवर गेले. हेतू छायाचित्र ओळींचा होता. प्रत्येक गटाने एकच छायाचित्र काढायचे आणि जेटी सोडण्यापूर्वी त्यातील व्यक्तीशी बोलून पाच गोष्टी वहीत लिहायच्या : पूर्ण नाव, गाव किंवा वाडी, नेमके काय काम चालू आहे, ते आत्ता का चालू आहे, आणि छायाचित्र अंकात छापायला परवानगी आहे का.

एका गटाने जाळे दुरुस्त करणाऱ्या एका मच्छीमाराचे सुंदर छायाचित्र काढले. संध्याकाळचे तिरपे ऊन हातांवर पडले होते आणि बोटांत सुई होती. त्यांनी वहीत सर्वांत आधी ‘कष्टाचे हात’ असे लिहून टाकले होते. बोलल्यावर कळले की खडकात अडकून जाळे फाटले होते आणि पहाटे होडी निघण्यापूर्वी ते सांधून होणे आवश्यक होते. ओळ बदलून अशी झाली : ‘देवगड : खडकात अडकून फाटलेले जाळे पहाटेच्या फेरीपूर्वी सांधून घेताना मच्छीमार.’ त्याचे नाव अंकातील ओळीत येईल; इथे ते लिहीत नाही. ‘कष्ट’ हा शब्द ओळीतून गेला आणि वाचकाला कष्ट आता अधिक कळतात, असे माझे मत आहे.

दुसऱ्या गटाची गाठ जेटीच्या कडेला बसून सुकी मासळी निवडणाऱ्या एका मावशींशी पडली. एका मुलीने नाव विचारताच त्यांनी हातातले काम न थांबवता विचारले, “माझा नाव कित्याक होया गो तुका?” मुलगी गोंधळली, मग तिने अंकाचे सगळे सांगितले, तो कुठे लागणार आहे, कोण वाचणार आहे. मावशींनी तिची वही मागून घेतली, तिने लिहिलेली ‘मासे विकणारी महिला’ ही ओळ वाचून घ्यायला लावली आणि आपण विकत नसून जवळा निवडत आहोत, विकण्याचे काम सून करते, असे बजावले. मग स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव आणि वाडी असे क्रमाने सांगून ‘बरोबर लिवलंस मा?’ असे विचारून खात्री करून घेतली. मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवले. मी वर्गात कितीही सांगितले असते तरी नाव तपासून घेण्याचे महत्त्व या दोन मिनिटांइतके पोहोचले नसते.

एका गटाने मात्र लांबून झूम करून छायाचित्र काढले आणि कोणाशी न बोलता परत आले. ते छायाचित्र अंकात घ्यायचे नाही, असे इतर गटांनीच ठरवले.

12 डिसेंबर 2024

जेटीवरून आलेल्या ओळी आज वर्गात वाचल्या. नावे कोणत्या क्रमाने द्यायची, यावर चर्चा झाली. ‘डावीकडून’ असे लिहिले की काम संपले, असा समज होता. त्यासाठी 23 फेब्रुवारी 1945 रोजी इवो जिमा बेटावर जो रोझेंथल यांनी काढलेल्या, अमेरिकी ध्वज उभारणाऱ्या सहा सैनिकांच्या छायाचित्राचा दाखला दिला. जगातील अतिपरिचित छायाचित्रांपैकी हे एक. त्याची शिल्पे झाली, टपाल तिकिटे निघाली. तरीही त्यातील सहा जणांपैकी काहींची ओळख चुकीची असल्याचे अमेरिकेच्या मरीन दलाने 2016 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये अधिकृतपणे मान्य केले. चेहरे दिसत नव्हते आणि त्या क्षणी नावे कोणी लिहून घेतली नव्हती. जेटीवर पाच मिनिटे जास्त थांबण्याचा आग्रह मी का धरते, हे यानंतर वेगळे सांगावे लागले नाही.

आंब्याच्या बातमीच्या विद्यार्थ्याने शेजारच्या बागांतून छायाचित्रेही आणली आहेत. एकात बागेचे मालक पुढे उभे आहेत आणि मागे दोन कामगार पंपाने फवारणी करत आहेत. ओळीत मालकांचे नाव पूर्ण होते आणि पुढे ‘व नेपाळी कामगार’ असे होते. कोकणातील आंबा बागांत नेपाळहून येणारे कामगार हंगामभर राहतात, बाग राखतात, फवारणी करतात, आणि आमच्या मुलांना ते रोज दिसतात. छायाचित्रातले काम तेच करत आहेत आणि नाव फक्त न करणाऱ्याचे आहे, हे एका मुलाने सहज बोलून दाखवले. सत्काराच्या छायाचित्रांत जसे ‘व इतर मान्यवर’ येते, तसेच इथे ‘व कामगार’ आले आहे. विद्यार्थ्याला पुन्हा बागेत पाठवले. त्यांची नावे आणि गावे विचारायची, देवनागरीत ती त्यांच्याकडूनच लिहून घ्यायची, आणि त्यांची नावे छापायला हरकत असेल तर तीही मान्य करायची, असे ठरले. नेपाळीची लिपी देवनागरीच असल्यामुळे नावाच्या लेखनात काही अडचण येऊ नये.

छायाचित्र कोणी काढले याचे श्रेय देण्याबाबतही आज नियम ठरला. ओळीच्या शेवटी कंसात ‘छाया :’ आणि पुढे विद्यार्थ्याचे नाव. याला जोडून होमाई व्यारावाला यांच्याविषयी सांगितले. 1913 साली नवसारी येथे जन्मलेल्या आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. परंतु त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध होत असत. त्यांना 2011 मध्ये पद्मविभूषण मिळाले. कंसातल्या दोन शब्दांमागे किती काही असते, हे मुलींच्या विशेष लक्षात आले. त्यानंतर एका मुलीने स्वतःच्या छायाचित्रावर भावाचे नाव लिहिले होते ते खोडले, कारण फोन त्याचा असला तरी छायाचित्र तिने काढले होते.

17 डिसेंबर 2024

आजचा तास ठरलेल्या पाठाऐवजी एका ताज्या घटनेवर घेतला. रविवारी रात्री उस्ताद झाकीर हुसेन यांच्या निधनाचे मथळे फोनवर झळकू लागले, काही वेळात ते हयात असून प्रकृती गंभीर असल्याचे सांगणारे संदेश आले, अनेकांनी आधीची बातमी मागे घेतली, आणि सोमवारी पहाटे कुटुंबाने सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाल्याचे जाहीर केले. मुलांपैकी काहींच्या घरी त्या रात्री तीन वेळा तीन वेगळ्या गोष्टी कळल्या होत्या.

शेवटी बातमी खरी ठरली, मग आधी देणाऱ्यांचे चुकले काय, असा प्रश्न आला, आणि तो टाळण्यासारखा नव्हता. निधनाची बातमी घरच्यांनी किंवा रुग्णालयाने दुजोरा दिल्यावरच द्यायची असते, कारण त्या रात्री रुग्णालयाबाहेर बसलेल्या माणसांनाही ते मथळे दिसत असतात. दुजोरा मिळण्यापूर्वी माहीत असलेली गोष्ट एवढीच होती की ते अत्यवस्थ आहेत, आणि ‘झाकीर हुसेन अत्यवस्थ, अमेरिकेत उपचार’ हा मथळा त्या तासाला पूर्ण खरा होता. मथळ्याला वेळ असते. रात्री खरा असलेला मथळा सकाळी बदलावा लागतो आणि त्यात कमीपणा काही नाही.

यानंतर मुलांनी तिन्ही टप्प्यांचे मथळे लिहिले. ‘तबला अनाथ झाला’, ‘ताल हरपला’ अशा ओळी आल्या. त्या मनापासून लिहिलेल्या होत्या, म्हणून मी त्यांना श्रद्धांजलीच्या लेखासाठी बाजूला ठेवायला सांगितले.

20 डिसेंबर 2024

शाळेतीलच एक बातमी अंकात घ्यायची आहे. माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवून दूरच्या वाड्यांतून येणाऱ्या मुलींना सायकली दिल्या. पहिला मथळा ‘गरजू मुलींना जुन्या विद्यार्थ्यांच्या सायकली’ असा आला. सायकली जुन्या विद्यार्थ्यांनी दिल्या की त्यांनी वापरलेल्या आहेत, हे त्यातून कळत नाही, असे लगेच कोणीतरी म्हणाले आणि ‘माजी विद्यार्थ्यांकडून गरजू मुलींना सायकली’ अशी दुरुस्ती झाली. मला वाटले की हा मथळा आता पक्का होईल. तेवढ्यात सायकल मिळालेल्या मुलींपैकी एक उठली आणि ‘गरजू’ हा शब्द नको, असे म्हणाली. तिला सायकल मिळाली, कारण तिचे घर शाळेपासून फार लांब आहे. बातमीतही तेच कारण लिहिले आहे. रेघांच्या नियमाने पाहिले तर ‘गरजू’ला मजकुरात आधार नव्हताच. ‘माजी विद्यार्थ्यांकडून दुरून येणाऱ्या मुलींना सायकली’ हा मथळा एकमताने ठरला. छायाचित्रही बदलले. सायकल देताना हात पुढे केलेल्या पाहुण्यांच्या ऐवजी मुली सायकली घेऊन चढणीचा रस्ता चढतानाचे छायाचित्र जाणार आहे.

मुलांच्या ओळखीचा विषय निघाल्यामुळे कायद्याची थोडी माहिती दिली. बाल न्याय अधिनियम, 2015 मधील कलम 74 नुसार कायद्याशी संघर्षात आलेल्या किंवा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही आणि त्यात नाव, पत्ता यांच्याबरोबर शाळेचाही स्पष्ट उल्लेख आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012च्या कायद्यातही कलम 23 प्रसारमाध्यमांना असेच बंधन घालते. नाव न छापता ‘अमुक शाळेतील नववीचा विद्यार्थी’ असे लिहिले तर आमच्यासारख्या छोट्या गावात नाव छापल्यासारखेच होते, हे मुलांना तत्काळ पटले.

28 डिसेंबर 2024

माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांचे 26 तारखेच्या रात्री दिल्लीत निधन झाले. कालच्या अंकांतील मथळ्यांपेक्षा छायाचित्रांवर आज अधिक बोललो. 1991चा अर्थसंकल्प मांडतानाची, पंतप्रधानपदाच्या काळातील आणि अलीकडची अशी वेगवेगळ्या काळातील छायाचित्रे शेजारी शेजारी छापलेली होती. ज्या ओळीत साल होते ते छायाचित्र वाचता येत होते, आणि ज्या ओळीत ते नव्हते तिथे मुलांनी पगडीच्या रंगावरून आणि दाढीवरून अंदाज बांधले. जुने छायाचित्र वापरल्यास ‘संग्रहित’ असे लिहायचे आणि शक्य असेल तर सालही द्यायचे, हा नियम आमच्या वहीत आला.

2 जानेवारी 2025

पाने लावायला घेतली. संगणक कक्षात मोफत मिळणारा ‘मुक्ता’ हा टंक निवडला, तो मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने तयार केलेला आहे आणि लहान आकारातही जोडाक्षरे स्पष्ट दिसतात. मराठी मथळ्यात विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘विद्यार्थ्यांच्या’सारखा एकच शब्द अख्खा स्तंभ व्यापतो. शब्द तोडून दोन ओळींत विभागायचा नाही, आणि ‘पंप / बिघडला’ यांसारखे एकमेकांना धरून असलेले शब्द ओळ संपल्यामुळे दुरावू द्यायचे नाहीत, यावर मुलांनी पुष्कळ वेळ घालवला. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडू लागल्या, म्हणून ओळींमधले अंतर वाढवावे लागले आणि एक मथळा आणखी लहान करावा लागला.

मच्छीमार कुटुंबातील एका विद्यार्थ्याच्या बातमीवर शेवटपर्यंत काम चालू होते. प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या एलईडी मासेमारीला केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली, तरी रात्री समुद्रात असे दिवे दिसतात, असे त्याच्या वडिलांनी व इतर काही जणांनी सांगितले होते. त्याने ‘परराज्यातील नौकांचा धुडगूस’ असा मथळा दिला होता. त्याचा राग समजण्यासारखा आहे, कारण घरचे उत्पन्न मासेमारीवर अवलंबून आहे. परंतु दिवे पाहणाऱ्यांपैकी कोणीही नौकेचा क्रमांक पाहिलेला नव्हता आणि त्या कुठल्या होत्या हे सांगू शकत नव्हते. त्याने स्वतःच मथळा बदलला : ‘रात्री समुद्रात एलईडी दिवे दिसले, मच्छीमारांची तक्रार’. त्याखाली मत्स्यव्यवसाय विभागाची बाजूही हवी, असे त्याला वाटते आहे; तिची वाट पाहून बातमी पुढच्या अंकात घ्यायची का, हे उद्या ठरेल.

6 जानेवारी 2025

अंक शाळेच्या फलकावर, ग्रंथालयात आणि जेटीवरील चहाच्या टपरीत लावला. एलईडीची बातमी मागे ठेवली आहे. जवळा निवडणाऱ्या मावशींना अंकाची प्रत देण्यासाठी त्या गटातली मुलगी स्वतः गेली होती. तिथे त्यांच्या सुनेने ती सगळ्यांना वाचून दाखवली, असे तिने सांगितले.

10 जानेवारी 2025

आंबा बागेच्या छायाचित्रातील एका कामगाराच्या गावाचे नाव चुकले असल्याचे त्यानेच विद्यार्थ्याला सांगितले. फलकावरच्या प्रतीत पेनाने दुरुस्ती करून विषय संपवावा, असे काहींचे म्हणणे होते. चर्चेअंती पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर ‘दुरुस्ती’ या शीर्षकाखाली चौकट देण्याचे ठरले, आणि चुकीचे व बरोबर अशी दोन्ही रूपे त्यात द्यायची, म्हणजे आधीचा अंक वाचलेल्या माणसाला नेमके काय बदलले ते कळेल.

पुढचा अंक फेब्रुवारीअखेर निघेल. तोपर्यंत तालुक्यातून हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात गेलेली असेल आणि दरवर्षीप्रमाणे ‘पहिली पेटी’ आपलीच, असा दावा एकाहून अधिक बागांकडून होईल. त्या मथळ्यात ‘पहिली’ हा शब्द कोणत्या आधाराने वापरायचा, यासाठी बाजार समितीतील आवकेची नोंद कशी मिळवता येईल, याची चौकशी दोन विद्यार्थ्यांकडे सोपवली आहे. आठवीतील काही मुलांनाही या कामात घेत असून त्यांच्या पहिल्या तासाला रेघांचा नियम नववीची मुलेच शिकवतील.